बेंजो पार्टीच्या रेकॉर्डिंगला कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं?

प्रश्न : ताई नमस्कार. आमची तासगाव तालुक्यात बेंजो पार्टी आहे, सात जण आहोत, बेंजो, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी, ढोल, एक गाणारा आणि सातवा मी, वायरी आणि साउंडचं बघतो. लग्नसराई संपली की गणपतीपर्यंत हातात वेळ असतो, त्यात आमच्या स्वतःच्या आठ-दहा चाली नीट रेकॉर्ड करायच्या असं यंदा ठरवलंय. घराच्या वरची खोली मोकळी आहे, लॅपटॉप आहे, विंडोजचा, आय फाईव्ह, 8 जीबी रॅम, आणि यूएसबीवाला मिक्सर आहे. मागच्या महिन्यात मामाच्या बेदाण्याच्या शेडमधे सगळं मांडलं, मिक्सर लॅपटॉपला जोडला आणि ऑडॅसिटीत रेकॉर्ड केलं. वाजवताना लई भारी वाटलं पण घरी येऊन ऐकलं तर ढोलकी पार आत गेलेली आणि ढोल सगळ्यांच्या वर, आता ढोलकी वर काढायची म्हटलं तर सगळं एकाच ट्रॅकमधे आलंय. भाचा म्हणतो एफएल स्टुडिओ घ्या, कीबोर्डवाला म्हणतो प्रो टूल्सशिवाय खरं रेकॉर्डिंग होत नाही, एकानं पेन ड्राइव्हवर क्रॅक केलेलं क्यूबेस आणून दिलंय. सगळ्यांनी मिळून चाळीस हजार जमवलेत. त्यात कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : भाऊ, आधी सरळ उत्तर देते, रीपर नावाचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर घ्या. पण चाळीस हजारातले पाचेक हजारच त्यावर घाला आणि बाकीचे इंटरफेस (माईक-वाद्यांचा आवाज लॅपटॉपला पोचवणारा डबा), हेडफोन आणि चांगल्या वायरींवर, कारण तुमची ढोलकी ऑडॅसिटीनं बुडवलेली नाही, मिक्सरनं बुडवलीय.

यूएसबीवाले बहुतेक छोटे मिक्सर आठ-दहा वायरी आत घेतात, पण लॅपटॉपला पाठवताना सगळ्यांचं एकत्र करून डावा आणि उजवा असे दोनच चॅनल पाठवतात. एकदा कालवण झालं की त्यातलं मीठ बाजूला काढता येत नाही, तसं ते. मग पुढं ऑडॅसिटी असो नाहीतर प्रो टूल्स, त्याला दोनच चॅनल मिळणार. तुमच्या मिक्सरचं मॅन्युअल काढून यूएसबीच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघा, 2 इन 2 आउट असेल तर विषय संपला. प्रत्येक चॅनल वेगळा पाठवणारे मिक्सर असतात, साउंडक्राफ्टचा सिग्नेचर 12 एमटीके आहे, झूमचा लाइव्हट्रॅक एल-12 तर लॅपटॉपशिवायच एसडी कार्डवर बारा वेगळे ट्रॅक घेतो, पण तुमचा तसला असता तर हे पत्र आलंच नसतं. आणि हल्ली एआयनं आवाज वेगळे करून मिळतात असं कोणी सांगेल, ती टूल्स साधारण गाणं, ड्रम, बेस आणि उरलेलं असे भाग पाडतात, म्हणजे तुमची ढोलकी आणि ढोल दोन्ही ड्रमच्याच भागात एकत्र येणार आणि तुम्ही परत तिथंच.

तर पहिलं काम, कागद घ्या आणि एका वेळी किती वायरी लागतात ते मोजा. मी तुमच्यासाठी मोजलं. बेंजो एक, कीबोर्ड मोनो घेतला तर एक, ऑक्टोपॅड डावा-उजवा दोन, ढोलकीच्या दोन बाजूंना दोन माईक, ढोल एक, गाणाऱ्याचा एक. बरोब्बर आठ. म्हणून आठ माईक इनपुटचा इंटरफेस बघा, बेहरिंगरचा यूएमसी 1820 किंवा फोकसराइटचा स्कार्लेट 18आय20 हे दोन लोकांच्या वापरातले आहेत. नावात अठरा आकडा असला तरी माईक आठच लागतात, बाकीच्यातले आठ चॅनल एडॅट नावाच्या जोडणीतनं येतात आणि त्याला आणखी एक आठ चॅनलचा प्रीअँप, म्हणजे माईकचा आवाज वाढवणारा डबा, घ्यावा लागतो, हे दुकानदार सांगत नाही म्हणून मी सांगते. नवा बजेटबाहेर गेला तर कोल्हापूर-पुण्यात सेकंड हँड मिळतो, फक्त लॅपटॉप बरोबर नेऊन आठही इनपुट एकेक करून वाजवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

बेंजोचं एक वेगळं आहे. त्याच्या पिकअपचा सिग्नल नाजूक असतो, तो साध्या लाइन इनपुटला लावला की आवाज मळकट होतो, वरची तारेची झळाळी जाते. इंटरफेसला इन्स्ट्रुमेंट किंवा हाय-झेड असं लिहिलेलं इनपुट असतं त्यालाच बेंजो लावा, नाहीतर मधे डीआय बॉक्स, म्हणजे असा सिग्नल जुळवून देणारी डबी, घ्या. बेंजो पार्टीच्या रेकॉर्डिंगमधे बेंजोच पत्र्यासारखा वाजतो असं मी इतक्या वेळा ऐकलंय की हे आधी सांगावंसं वाटलं.

आता सॉफ्टवेअरचं. रीपर बनवलंय जस्टिन फ्रँकेलनं, 1997 मधे विनअँप आणणारा तोच माणूस. सायबर कॅफेत विनअँपवर गाणी ऐकलेली आपली पिढी त्याला ओळखते. रीपरचं पहिलं पक्कं व्हर्जन 2006 मधे आलं. साठ दिवस पूर्ण चालतं, काहीही बंद ठेवलेलं नसतं. नंतर लायसन्स 60 डॉलरचं, म्हणजे आपले पाच हजार आणि वर थोडे. वर्षाची कमाई 20,000 डॉलरच्या आत असेल तर धंद्यालाही हेच लायसन्स चालतं, वर गेली तर 225 डॉलरचं. सातव्या व्हर्जनला घेतलेलं लायसन्स 8.99 पर्यंत चालतं, दर महिन्याला हप्ता नाही. साठ दिवस झाल्यावरही ते उघडतं, फक्त आठवण करून देतं, पण तुम्ही पैसे भरा. आपल्या सुपारीचे पैसे कोणी बुडवले की आपल्याला काय वाटतं ते तुम्हाला माहितीय.

पण मी ते स्वस्त आहे म्हणून सांगत नाहीये. ते हलकं आहे, 8 जीबीच्या लॅपटॉपवर आठ ट्रॅक एकदम घेताना धाप लागत नाही, ट्रॅकची संख्या मोजून दिलेली नाही आणि प्रत्येक वाजवणाऱ्याच्या हेडफोनात वेगळं मिक्स पाठवता येतं, फक्त इंटरफेसला तेवढी आउटपुट पाहिजेत. ढोलकीवाल्याला बेंजो जास्त पाहिजे असतो, गाणाऱ्याला कीबोर्ड, आणि हे जमलं नाही तर चौथ्या टेकला भांडणं सुरू होतात. खोट सांगायची तर दिसायला रूक्ष आहे आणि तयार वाद्यांचे आवाज, लूप वगैरे त्याच्याबरोबर येत नाहीत. तुम्हाला ते लागतही नाहीत, तुमचे आवाज तुमच्या हातात आहेत.

भाच्याला नाराज करू नका. एफएल स्टुडिओ बीट बनवायला फार छान आहे, पण त्याची सगळ्यात स्वस्त फ्रूटी एडिशन बरीच वर्षं ऑडिओ रेकॉर्डच करत नव्हती, त्यासाठी वरची एडिशन लागायची, म्हणून घेण्याआधी ते बघा. भाच्यानं बीट तिथं बनवावी, वेव्ह फाइल करून द्यावी, ती रीपरमधे एका ट्रॅकवर ठेवता येते. कीबोर्डवाल्याचंही खोटं नाही, मोठ्या स्टुडिओत प्रो टूल्सच जास्त दिसतं. पण त्याची फुकटची इंट्रो एडिशन आठच ऑडिओ ट्रॅक देते, तुमचे आठ पहिल्याच टेकला भरले, मग गाणं परत गायचं ठरलं किंवा कोरस चढवायचा म्हटलं तर जागा कुठं आहे. आणि पुढं मिक्सिंग पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत करायचं झालं तरी तुमच्याकडं प्रो टूल्स असायची गरज नाही, सगळे ट्रॅक शून्यापासून सुरू होणाऱ्या वेव्ह फाइल करून पाठवले की ते कुठल्याही सॉफ्टवेअरमधे जिथल्या तिथं बसतात.

ऑडॅसिटी मी रोज वापरते आणि तिच्याविषयी मला माया आहे. 2000 सालापासून लोकांना फुकट मिळतेय, गावोगावच्या भजनांचं रेकॉर्डिंग तिच्यावर झालंय. एक-दोन माईकचं काम, कापाकापी, खरखर काढणं यासाठी तीच. पण विंडोजवर आठ चॅनल एकदम घ्यायला जो आसिओ ड्रायव्हर, म्हणजे इंटरफेस आणि सॉफ्टवेअरला जोडणारा दुवा, लागतो तिथं तिची अडचण होते, आणि तुमचं सगळं काम त्या आठ चॅनलवरच उभं आहे.

पेन ड्राइव्हवालं क्यूबेस मात्र लॅपटॉपला लावूच नका, आधीच लावलं असेल तर लॅपटॉप साफ करून मगच रेकॉर्डिंगला बसा. क्यूबेस स्वतः उत्तम आहे, 1989 पासूनचं, आणि आसिओ काढलंच त्याच्या कंपनीनं. पण क्रॅकमधे काय घातलंय ते ज्यानं दिलं त्यालाही माहिती नसतं. माझ्या ओळखीच्या एका बँडनं असल्याच कॉपीवर पावसाळाभर काम केलं, गणपतीच्या तोंडावर एके दिवशी प्रोजेक्ट उघडेनात, मदत मागायची तर कोणाकडं, आणि गाणी पहिल्यापासून परत वाजवायला लागली, ती पहिल्यासारखी वाजली नाहीत. क्यूबेसच पाहिजे असेल तर काही इंटरफेसच्या खोक्यात त्याची एलई एडिशन कायदेशीर मिळते, घेण्याआधी बॉक्स वाचा.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. एकेकानं वेगवेगळं येऊन आपापला ट्रॅक वाजवून जायचं, असं करू नका. सॉफ्टवेअर ते करू देतं आणि व्हिडिओ बघून सगळ्यांना तेच बरोबर वाटतं, पण तुमची पार्टी रथोत्सवात, मिरवणुकीत एकमेकांच्या तोंडाकडं बघून वाजवते. ढोलकीवाला बेंजोवाल्याचा हात बघून उठाव घेतो, चाल हळूहळू चढत जाते, आणि ती चढ क्लिकच्या, म्हणजे हेडफोनात एकसारख्या लयीत वाजणाऱ्या टकटकीच्या, ठोक्यात बसवली की मरते. तुमची वाद्यं यासाठी किती सोयीची आहेत बघा. बेंजो, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड हे तिन्ही वायरीतनं जातात, हेडफोन लावले की खोलीत त्यांचा आवाज जवळजवळ नाहीच. म्हणजे माईकला खोलीत ऐकू येणार फक्त ढोलकी, ढोल आणि गाणं. ढोल शेजारच्या खोलीत किंवा जिन्यात ठेवा, दार लावा पण काचेतनं किंवा फटीतनं नजरानजर राहू द्या. गाणाऱ्यानं तेव्हा नुसतं साथीपुरतं गावं, खरं गाणं नंतर निवांत घ्या. असं केलं की ढोलकीच्या ट्रॅकवर ढोलकीच राहते आणि तरीही सगळे एकत्रच वाजवतात. यासाठी सगळ्या वाजवणाऱ्यांना पुरेल असा हेडफोन अँप लागेल, तो पैशात धरा. ऑक्टोपॅडवर लूप वापरत असाल तर तेवढ्या चालीला क्लिक घ्या, बाकीच्यांना नको.

शेडमधे परत नको. पत्र्याखाली ढोलकीचा प्रत्येक ठोका पाच वेळा परत येतो आणि तो नंतर काढता येत नाही. वरच्या खोलीत भिंतीला गाद्या उभ्या करा, दोरीवर वाकळा टाका, खाली सतरंजी, बास. अंड्यांचे ट्रे लावायच्या नादाला लागू नका, त्यानं ढोलाचा आवाज अडत नाही. ढोलकीला स्टेजवरचे तुमचे डायनॅमिक माईक चालतील. दोन बाजूंच्या दोन माईकांनी जाड बाजूचा धुमारा एकदम पातळ वाटला तर रीपरमधे त्यातल्या एका ट्रॅकवरचं फेजचं बटण दाबून ऐका, बऱ्याचदा एका क्लिकमधे ढोलकी परत भरते.

सेटिंगचं थोडक्यात सांगते. इंटरफेसचा स्वतःचा ड्रायव्हर टाका आणि रीपरच्या ऑप्शन, प्रेफरन्सेस, ऑडिओ, डिव्हाइसमधे जाऊन आसिओ निवडा. आठ ट्रॅक करा, प्रत्येकाला त्याचा इनपुट द्या, नावं द्या आणि प्रोजेक्ट टेम्प्लेट म्हणून सेव्ह करा म्हणजे दर वेळी मांडामांड नको. आवाज किती बारकाईनं टिपायचा त्याचं माप 24 बिट आणि 48 किलोहर्ट्झ ठेवा, लग्नाच्या व्हिडिओला, यूट्यूबला तेच लागतं, आणि सगळ्या प्रोजेक्टला एकच ठेवा. 44.1 ला घेतलेलं गाणं 48 समजून वाजलं की चाल पळते आणि सूर पेटीच्या जवळजवळ दीड पट्टी वर जातो, काळी एकमधलं गाणं पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधे कुठंतरी अडकतं, हार्मोनियमवर शोधून सापडत नाही. आवाजाची पातळी सगळ्यात जोरात वाजवताना उणे 12 डेसिबलच्या आसपास राहू द्या, लाल होऊ देऊ नका, 24 बिटला हळू घेतलेलं नंतर वाढवता येतं, फाटलेलं शिवता येत नाही. घूं असा आवाज आला तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, गेला तर घराचं अर्थिंग वायरमनकडनं तपासून घ्या.

आठ ट्रॅक या सेटिंगला मिनिटाला साधारण 69 एमबी खातात, तासाला चार जीबीच्या वर. म्हणजे हार्ड डिस्क लागणार, आणि दोन लागणार, आणि त्या दोन वेगवेगळ्या घरात ठेवायच्या. हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. 2019 च्या ऑगस्टमधे कृष्णेचं पाणी सांगलीच्या गावभागात शिरलं तेव्हा माझी कामाची खोली तळमजल्यावर होती. माईक, इंटरफेस, स्पीकर सगळं वरच्या मजल्यावर नेलं आणि दोन्ही डिस्क एकाच ड्रॉवरमधे राहिल्या. कॉपी होती, पण शेजारीच होती. त्यात एका म्हाताऱ्या गोंधळी बाबांचं रात्रभराचं रेकॉर्डिंग होतं, संबळ आणि तुणतुणं वेगळ्या ट्रॅकवर घेतलेलं, बाबा आता नाहीत आणि ते रेकॉर्डिंगही नाही. तुमच्या आठ-दहा चाली तुमच्याशिवाय कोणाकडं नाहीयेत भाऊ. रोज संध्याकाळी काम संपलं की एक कॉपी ढोलकीवाल्याच्या घरी जाऊ द्या.

प्रश्न : मी मिरजेत सतार वाजवते, सतारमेकर गल्लीतनं नुकतीच जवारी काढून आणलीय, आवाज सुंदर येतोय. घरी आधी तबला रेकॉर्ड करून त्यावर सतार चढवायचा प्रयत्न करतेय पण हेडफोनमधे माझीच सतार मला मागून ऐकू येते, लय सुटते. सॉफ्टवेअर बदलू का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : बदलू नका, सॉफ्टवेअरचा दोष नाही. लॅपटॉप आवाज तुकड्या-तुकड्यानं घेतो, त्या तुकड्याला बफर म्हणतात. तो 1024 सँपलचा असेल तर 48 किलोहर्ट्झला नुसता आत यायला 21 मिलिसेकंद जातात आणि बाहेर पडताना परत तेवढेच. आवाज हवेतनं एका मिलिसेकंदाला साधारण 34 सेंटीमीटर जातो, म्हणजे तुमची सतार तुमच्यापासून चौदा-पंधरा मीटर लांब कोणी वाजवल्यासारखी ऐकू येतेय, द्रुत गतीत लय सुटणारच. रेकॉर्ड करताना बफर 128 करा, तो तीन मिलिसेकंदाच्याही आत येतो, खरखर किंवा टकटक ऐकू आली तर 256. मिक्स करताना परत वाढवा. त्याहून सोपं म्हणजे इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटर असं बटण किंवा खुंटी असेल ती वापरा, सतार लॅपटॉपला वळसा न घालता थेट हेडफोनला येईल, फक्त सॉफ्टवेअरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करा नाहीतर दोनदा ऐकू येईल. आणि जवारी एवढी छान लागलीय तर सतारीला कंडेन्सर माईक लावा, त्याला वीज देणारं 48 व्होल्टचं फँटमचं बटण दाबायला विसरू नका. माईक तबलीच्या अगदी तोंडाशी नको, हात-दीड हात लांब ठेवून थोडा दांडीकडं वळवा आणि मग दोन्हीकडं थोडं थोडं सरकवत ऐका, जिथं तरफा बोलायला लागतील तिथं थांबा.

प्रश्न : आम्ही विश्रामबागेतले चौघे कॉलेजचे मित्र, दोन गिटार, बेस, ड्रम्स. एकाकडं मॅकबुक आहे. गॅरेजबँडवर एका वेळी एकच ट्रॅक रेकॉर्ड होतो म्हणून लॉजिक प्रो घ्यायचा विचार चाललाय. घ्यावं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : थांबा, पैसे वाचवा. गॅरेजबँडवर एका वेळी जास्त ट्रॅक घेता येतात, फक्त ते बटण लपवलेलं असतं. ट्रॅकच्या मेनूत कॉन्फिगर ट्रॅक हेडरमधे जाऊन रेकॉर्ड इनेबल चालू करा, मग प्रत्येक ट्रॅकवर लाल बटण दिसेल, प्रत्येकाला इंटरफेसचा वेगळा इनपुट द्या आणि सगळे एकदम वाजवा. अर्थात इंटरफेसला तेवढे इनपुट पाहिजेत, मॅकबुकच्या स्वतःच्या माईकवर हे होणार नाही. ड्रम्सला चार माईक लावले, किक, स्नेअर आणि वर दोन, तर पुरे. लॉजिक चांगलंच आहे, एकदाच पैसे भरून मिळतं, पण गॅरेजबँडचा प्रोजेक्ट लॉजिकमधे तसाच उघडतो, त्यामुळं आधी पाच-सहा गाणी इथं पूर्ण करा आणि अडायला लागलं की मग घ्या. एकच बघा, चौघांपैकी तिघांकडं मॅक नसेल तर फाइल फक्त त्या एकाच्याच लॅपटॉपवर उघडणार आणि तो परीक्षेला गावी गेला की काम बंद, तसं होणार असेल तर तुम्हीही रीपरच घ्या, ते विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीवर चालतं.